नळी आणि दस्ता

रघुनाथच्या हाताला रंगून तेलाचा वास येत होता. रविवारचं जेवण उरकून भुजंगराव परसात हात धुवायला उभे होते आणि रघुनाथ तांब्यानं त्यांच्या हातावर पाणी घालत होता. धाकट्यानं थोरल्याच्या हातावर पाणी घालायचं ही वडिलांनी लावलेली रीत. वडील गेले, रघुनाथ म्हैसूरच्या रिसाल्याबरोबर लढाईवर जाऊन परत आला, तरी ती मोडली नव्हती. पेरूच्या झाडाखाली उन्हाचे ठिपके पडले होते, पाण्याची धार बारीक होती, आणि मध्येच तो वास आला. जडसर, किंचित गोड, लोखंडावर चोळल्यावरच येतो तसा. भुजंगराव चंदनतेलाच्या कारखान्यात कारकून होते. दिवसभर त्या एकाच वासात बसून त्यांचं नाक बधिर झालं होतं. घरात दूध करपलं तरी तुम्हाला कळायचं नाही, असं त्यांच्या पत्नी अंबुबाई म्हणत आणि ते खरं होतं. पण हा वास त्यांना कळला. हा त्यांच्या कारखान्याचा नव्हता, स्वयंपाकघरातला नव्हता. हा वडिलांचा वास होता, त्यांच्या बंदुकीच्या तेलाचा. भुजंगरावांनी हात मागे घेतला आणि धार नुसतीच दगडावर पडली.

"काय झालं, अण्णा?" रघुनाथ म्हणाला.

"काही नाही. पाणी गार आहे."

मार्गशीर्ष होता, पाणी गार असणारच. रघुनाथनं तांब्या उपडा घातला आणि आत गेला. भुजंगराव ओले हात तसेच धरून उभे राहिले. आतून अंबुबाईंचा आवाज येत होता, "भावजी हल्ली दोन घास जास्त जेवतात, अल्वा? हो ना? रंगही आला तोंडावर." हे बोलणं त्यांनी आठवडाभर रोज ऐकलं होतं आणि रोज त्यांना बरं वाटलं होतं. आज तेच शब्द त्यांना ऐकवेनात. रघुनाथ बरा होता, हे खरंच. परत आल्यापासून जो माणूस रात्र रात्र अंगणात बसून राहायचा, दार आपटलं की भिंतीला चिकटायचा, मटणाची पातेली चुलीवरून उतरली की घराबाहेर निघून जायचा, तो या पंधरवड्यात अगदी शांत झाला होता. वेळेवर जेवत होता. दाढी करत होता. परवा त्यानं आपले लढाईतले बूट पुसूनबिसून शेजारच्या टांगेवाल्याला देऊन टाकले आणि वर हसून म्हणाला, चांगले आहेत, माझ्याकडे पडून काय करायचेत. काल जाड लोकरीचा कोट दिला. तेव्हा भुजंगरावांना वाटलं होतं, चला, लढाई एकदाची अंगावरून उतरली. आता त्या ओल्या हातांनी उभं असताना त्यांना वाटलं, माणूस प्रवासाला निघण्याआधीही असाच शांत होतो, सामान हलकं करतो, घरच्यांशी गोड बोलतो.

बंदूक वडिलांची. संताजीराव म्हैसूरच्या शिलेदार घोडदळात दफेदार होते. कोडगूकडच्या एका कॉफीमळेवाल्या साहेबाबरोबर ते शिकारीला जात, आणि साहेब विलायतेला परतताना त्यानं आपली अमेरिकन रायफल त्यांना दिली. ती तेव्हाही नवी नव्हती. दस्त्याचं अक्रोडी लाकूड साहेबाच्या गालानं एका जागी गुळगुळीत झालेलं होतं. तिची गंमत अशी की ती मधोमध दोन भागांत सुटायची: पुढे नळी, मागे दस्ता. दोन्ही भाग आखूड कातडी पेटीत बसत आणि पेटी खोगिराच्या मागे बांधता येई. घोड्यांच्या कळपात आयुष्य काढलेल्या वडिलांना या सोयीचं लहान मुलासारखं कौतुक होतं. दसरा झाला की ते अंगणात सतरंजी टाकत, दोघा मुलांना समोर बसवत आणि बंदूक खोलून दाखवत. घोड्यासमोर उभं राहून बोलावं तसं ते बोलत. दस्त्याखाली बोटं घालायची लांबट कडी होती, तिला ते लगाम म्हणत. "आधी लगाम सोड. मग काडतुसाच्या घरात डोळ्यानं बघ, आत काही आहे का. मग बोटानं बघ. डोळ्याचा भरवसा नाही." मग नळीखालच्या दुसऱ्या बारीक नळीच्या टोकाची चिमुकली दांडी उघडायची, ती नळी फिरवत बाहेर ओढायची, आणि शेवटी सबंध पुढचा भाग पाव फेरा वळवला की बंदूक हातात दोन होऊन यायची. वडिलांच्या हातात हे सगळं एका दमात होई. खट्, घर्र, आणि एक बारीकसा सुस्कारा, जणू दोन भागांनाही मोकळं वाटे. भुजंग तेव्हा शाळेत जाणारा, मिसरूड न फुटलेला. एकदा वडिलांनी बंदूक त्याच्या मांडीवर ठेवली. त्यानं लगाम सोडला, नीट सोडला, पण मिटताना अंगठ्याजवळची कातडी आत सापडली. रक्ताचा एक थेंब सतरंजीवर पडला आणि त्याच्या हातून बंदूक निसटली. वडील रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं पुढे कितीदा तरी भुजंगरावांना वाटलं. वडील हसले, त्याचा हात उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "हा कचेरीचा हात आहे." मग त्यांनी बंदूक रघूकडे दिली. रघू केवढासा होता, बंदुकीपुढे दिसतही नव्हता. त्यानं डोळे मिटून ती खोलली.

एवढंच घडलं होतं. पण त्या एका वाक्यानं घराचे दोन भाग झाले. भुजंग इंग्रजी शाळेत गेला, रघू घोड्यावर बसला. पुढे लढाई पेटली, रिसाला सुएझकडे निघाला, आणि स्टेशनवर निरोप द्यायला गेलेल्या भुजंगरावांनी गाडीच्या खिडकीतून धाकट्या भावाचा हात धरला तेव्हा त्यांना आपल्या अंगठ्याजवळचा तो जुना वण दिसला. त्यांना हायसं वाटलं होतं. कुणाला कळलं नाही, पण वाटलं होतं.

दुपार कलली तेव्हा अंबुबाई देवळात जायला निघाल्या. रघुनाथही टोपी घालून उठला. "दोड्डकेरेच्या तळ्यावरून फिरून येतो," म्हणाला. भुजंगराव ओसरीवर वर्तमानपत्र धरून बसले होते. त्यातली एकही ओळ त्यांनी वाचली नव्हती. दोघंही गल्लीच्या वळणावर दिसेनाशी झाली तरी ते थोडा वेळ बसून राहिले. आपल्याच घरात, आपल्याच भावाच्या खोलीत जायला त्यांना धीर होत नव्हता. दार नुसतं लोटलेलं होतं. आत खाट, तांब्याभांडं, खुंटीवर एक सदरा. इतकी नीटनेटकी खोली की पाहुण्याची वाटावी. पेटी खाटेखाली होती. ओढली तशी ती हाताबरोबर सरकत आली, आणि ती हलकी आहे हे त्यांच्या मनगटाला आधी कळलं. झाकण उघडलं. आत विटलेल्या मखमलीत दोन खाचा होत्या, एक नळीची, एक दस्त्याची. दोन्ही रिकाम्या.

भुजंगराव तसेच उकिडवे बसले. जोडलेली बंदूक या पेटीत मावत नाही. म्हणजे ती जोडलेली आहे, आणि इथंच कुठेतरी उभी आहे. खोलीत आणखी कुणीतरी आहे असं वाटून ते उठले. त्यांनी खाटेमागे पाहिलं, कपाटाच्या फटीत पाहिलं. भिंतीला टेकवलेल्या गुंडाळलेल्या गादीमागे ती मिळाली. जुन्या धोतरात गुंडाळलेली, नळी वर करून. तिच्या अंगाला तेल होतं. ताजं. कुणीतरी मायेनं चोळलेलं.

ती दोन्ही हातांनी उचलून ते जमिनीवर बसले आणि बंदूक मांडीवर आडवी घेतली. इतक्या वर्षांनी हात लावत होते. वजन तेवढंच होतं, भीतीही तेवढीच. तळव्यांना घाम आला होता आणि तेलावर बोटं घसरत होती. आधी लगाम सोड. त्यांनी कडीत बोटं घातली आणि खाली ढकलली. खट् असा कोरडा आवाज झाला, वरची पोलादी पट्टी मागे सरली आणि आतून काहीतरी पिवळं उसळून बाहेर पडलं, फरशीवर टणटणत गेलं आणि खाटेच्या पायाला लागून थांबलं. काडतूस. मग त्यांनी लगाम मिटला आणि पुन्हा सोडला, पुन्हा मिटला, पुन्हा सोडला. दुसरं काही आलं नाही. त्यांनी करंगळी घरात घातली. आत गार, गुळगुळीत पोकळी होती. एकच होतं. शिकारीला जाणारा माणूस बंदूक भरून नेतो. एकच काडतूस घालणाऱ्याला एकदाच काम असतं.

आता फक्त ही खोलायची, दोन करायची आणि एक भाग इथून न्यायचा, एवढंच त्यांना सुचत होतं. नळीखालच्या नळीची दांडी नखानं उघडली, फिरवली, आटे सुटल्यासारखे वाटले. पुढचा भाग धरून त्यांनी पिळला. तो हलला नाही. उलट्या बाजूनं पिळला. दस्ता मांड्यांत घट्ट दाबून पुन्हा जोर केला. मनगटं दुखली, घाम कपाळावरून डोळ्यात उतरला. वडील असते तर हसले असते. कचेरीचा हात. या हातानं मी चंदनाच्या ओंडक्यांचं वजन लिहितो, या हातानं पत्रांच्या नकला करतो, आणि आज एकदाच काही करायचं आहे तर ते होत नाही.

"खालची नळी अजून बाहेर ओढा, अण्णा. ती अडवतेय."

रघुनाथ उंबऱ्यात उभा होता. केव्हा आला, कळलं नाही. टोपी हातात होती. भुजंगराव चोरी सापडल्यासारखे त्याच्याकडे पाहत राहिले.

"तू फिरायला गेला होतास."

"पुलापर्यंत गेलो. तुम्ही मघाशी हात मागे घेतलात ना, तेव्हाच कळलं मला. म्हणून परत आलो."

तो आत आला नाही. उंबऱ्यावरच बसला, भिंतीला टेकून. दोघांच्या मध्ये फरशीवर ते पिवळं काडतूस पडलेलं होतं आणि दोघंही त्याच्याकडे पाहत नव्हते. भुजंगरावांना वाटलं, आपण थोरले, आपण काहीतरी बोलायला हवं. असं करू नये, आम्ही आहोत, वडिलांचं नाव आहे. गेला तासभर त्यांनी मनातल्या मनात पुष्कळ बोलून ठेवलं होतं.

"आज तू नीट जेवलास," ते म्हणाले.

"जेवलो. वहिनी वाढत होत्या."

"मग?"

रघुनाथनं टोपीची कड बोटांनी सरळ केली. "तिकडे घोडे पडायचे, अण्णा. पाणी नसायचं. वाळूत पाय मोडला की संपलं. माझा हात बरा, म्हणून मलाच बोलवायचे. एका घोड्याला एकच गोळी द्यायची. दुसरी लागली तर त्याचे हाल. मला एकदाही दुसरी लागली नाही." त्यानं टोपी गुडघ्यावर ठेवली. "शाबासकी द्यायचे. रात्री साहेब स्वतः येऊन शाबासकी द्यायचा. मी रोज कुणाच्या तरी घोड्याच्या कानाशी बोलायचो आणि मग... घोडा बघतो हो माणसाकडे. शेवटपर्यंत बघतो."

भुजंगरावांनी मान हलवली. त्यांना घोड्यातलं काही कळत नव्हतं.

"हे काडतूस रोज घालतो आणि रोज काढतो," रघुनाथ म्हणाला. "गेले किती तरी दिवस. घातलं की जरा शांत वाटतं. मग काढतो आणि वहिनींकडे जाऊन बसतो. आज काढायचं राहिलं."

"राहिलं?"

"राहिलं की ठेवलं, ते मला ठाऊक नाही."

परसात कावळा ओरडला. कुठेतरी टांगा गेला. भुजंगरावांच्या मांडीवर बंदुकीचं सगळं वजन होतं, पाय बधिर झाले होते, पण हललो तर हे बोलणं मोडेल अशी त्यांना भीती वाटत होती. "तू खोलून दे," ते शेवटी म्हणाले. "माझ्यानं होत नाही."

"नको. मी हात लावत नाही. तुम्हीच करा, मी सांगतो." आणि रघुनाथ उंबऱ्यावरूनच सांगू लागला. सावकाश, नवख्या घोड्याला चालवावं तसं. लगाम उघडाच असू द्या. खालची नळी धरा. ओढा. अजून. बोटभर बाहेर आली पाहिजे. आता पुढचं लाकूड मुठीत. जोर नको, जोरानं काही होत नाही. पाव फेरा. डावीकडे नव्हे, तुमच्याकडे. भुजंगरावांनी डोळे मिटले. मुठीतलं लाकूड आधी अडलं, मग एकाएकी राजी झाल्यासारखं वळलं, आणि बंदूक त्यांच्या हातात दोन झाली. उजव्या हातात दस्ता, डाव्या हातात नळी. तो जुना सुस्कारा त्यांनी ऐकला. तो त्यांचा स्वतःचाही असेल.

"साकु," रघुनाथ म्हणाला. पुरे. "नळी तुम्ही न्या. कुठे ठेवाल ते मला सांगू नका. मी विचारलं तरी सांगू नका."

भुजंगराव उठायला गेले आणि पायाला मुंग्या आल्यामुळे पुन्हा बसले. बसल्या बसल्याच त्यांच्या तोंडून निघून गेलं, "तुझ्याऐवजी मी गेलो असतो तर."

रघुनाथनं प्रथमच त्यांच्याकडे सरळ पाहिलं. "तुमचा नेम चुकला असता, अण्णा. घोड्यांचे हाल झाले असते." त्याच्या ओठांचा एक कोपरा हलला. ते हसू होतं की काय, हे भुजंगरावांना पुढे कधीच ठरवता आलं नाही.

अंबुबाई देवळातून आल्या तेव्हा नळी भुजंगरावांच्या पंच्यात गुंडाळून धान्याच्या कोठीमागे ठेवलेली होती. त्यांना हळूहळू, धक्का बसणार नाही अशा बेतानं सांगायचं असं भुजंगरावांनी ठरवलं होतं. अंबुबाईंनी देवीचं कुंकू कोनाड्यात ठेवलं, पंचा पाहिला, हातानं चाचपला आणि खाली बसल्या. "म्हणजे खोलली तुम्ही," त्या म्हणाल्या.

"तुला ठाऊक होतं?"

"तेलाची बाटली कोनाड्यातून नाहीशी झाली, तेव्हापासून. मला ती खोलता येत नाही. लपवावी तर त्यांना कळणार. म्हणून दुपारभर त्यांना समोर बसवून ठेवायचे. हे निवडा, ते सोला, विळा धरून द्या. बरे आहात म्हणायचे, त्यांच्या कानावर पडावं म्हणून." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त पदर बोटाला गुंडाळून गुंडाळून त्यांनी बोट पांढरं केलं होतं. "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही तोंडावर दाखवलं असतं."

दुसऱ्या दिवशी भुजंगरावांनी नळी छत्रीबरोबर कापडात बांधली आणि कारखान्याची वाट धरली. लोखंड कापडातूनही बरगड्यांना गार लागत होतं. प्रत्येक शिपाई आपल्याकडेच पाहतो असं त्यांना वाटत होतं, पाठीमागून कुणी हाक मारील म्हणून खांदे आवळले जात होते. पण कारखान्याच्या फाटकावर झडती होते ती बाहेर पडणाऱ्यांची, चंदन नेऊ नये म्हणून. आत काय येतं ते कुणी बघत नाही. गुदामात चंदनमुळांच्या राशीमागे एक जुनी फळकुटांची पेटी होती, तिची किल्ली त्यांच्याकडेच असे. नळी आणि काडतूस तिच्यात ठेवून त्यांनी कुलूप लावलं, ओढून पाहिलं, जागेवर जाऊन बसले, आणि पुन्हा उठून ओढून पाहिलं. दिवसभर त्यांना नळीची काळजी नव्हती. घरी दस्ता आहे, दोरी आहे, विहीर आहे, तळं आहे. एका माणसाच्या घरात किती गोष्टी असतात, याचा त्यांनी आजवर विचारच केला नव्हता. संध्याकाळी ते जवळजवळ धावत परतले. रघुनाथ ओसरीवर बसला होता. त्यानं वर पाहून हळूच विचारलं, "आहे ना?"

"आहे," भुजंगराव म्हणाले.

तेव्हापासून रोज असंच. ते पायरी चढत, रघुनाथ विचारी, ते उत्तर देत. त्याला नळी जागेवर हवी होती की ती आपल्यापासून लांब असल्याची खात्री हवी होती, हे भुजंगरावांना उलगडेना. कधी आवाजात तहान असे, कधी नुसती चौकशी. दुपारनंतर कारखान्यात आकडे लिहिताना त्यांचा हात सावकाश चाले, कारण डोक्यात तो प्रश्न सुरू झालेला असे. तो विचारील ना? विचारायला तो असेल ना? मध्ये काही वाईट दिवस आले. रघुनाथ खोलीतून बाहेरच यायचा नाही, आतूनच विचारायचा. एकदा त्यानं विचारलं, "कुठे आहे?" आणि भुजंगराव दाराशी उभे राहून नुसते घाम पुसत राहिले. थोड्या वेळानं आतून आवाज आला, "सांगू नका." मग काही बरे दिवस आले. रिसाल्याच्या पागेतून एक म्हातारी घोडी निकालात काढायची होती, तिची कुणी देखभाल करील का, असा निरोप आला. रघुनाथ आधी नाही म्हणाला. नंतर दोन-तीनदा तिकडे जाऊन आला आणि तिच्या खुराबद्दल अंबुबाईंशी बोलला. भुजंगरावांना आनंद व्हायला हवा होता. पण आनंद झाला की त्यांना ते बूट आठवत, तो शांत पंधरवडा आठवे, आणि ते आनंदाला हात लावत नसत.

संक्रांतीच्या सुमाराला एके संध्याकाळी ते परतले तेव्हा ओसरीवर अवऱ्याच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगांची टोपली मधे घेऊन दीर-भावजय बसली होती. अंबुबाई सोललेले दाणे परातीत टाकत होत्या. रघुनाथ त्यांना सांगत होता की पागेतला नालबंद आळशी आहे, नालाचे मोळे तिरके ठोकतो, घोडी बिचारी लंगडते. भुजंगराव पायरी चढले. रघुनाथनं पाय आखडून वाट दिली आणि बोलणं पुढे चालू ठेवलं. भुजंगराव थांबले. त्यांनी छत्री कोपऱ्यात ठेवली, पगडी उतरवली, कोटाची बटणं एकेक काढली. उत्तर तोंडात तयार होतं. ते तसंच राहिलं. नालबंदाचं बोलणं संपलं, दुसरं सुरू झालं.

"आज विचारलं नाहीस," शेवटी त्यांनीच म्हटलं.

"काय?" रघुनाथ म्हणाला.

अंबुबाईंचे हात थांबले. रघुनाथ थोरल्या भावाकडे पाहत राहिला. त्याच्या कपाळावर आठी आली आणि मग हळूहळू गेली. "हां. ते," तो म्हणाला. "विसरलो, अण्णा."

त्यानं पुन्हा खाली पाहून शेंग मोडली. भुजंगराव आत गेले. स्वयंपाकघरात दिवा लागला नव्हता. तिथं धान्याच्या कोठीला दोन्ही हातांनी धरून ते उभे राहिले. विसरलेलं उद्या आठवेल, हे त्यांना ठाऊक होतं. उद्या तो विचारील, परवाही विचारील, कदाचित पुन्हा एकदा कुठे आहे म्हणून विचारील, आणि आपण पुन्हा दाराशी घाम पुसत उभे राहू. पण आज, उन्हं कलल्यापासून दिवे लागेपर्यंत, एका घोडीच्या लंगड्या पायापायी, ती बंदूक त्याच्या डोक्यात नव्हती. त्यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. मग ते बाहेर आले आणि दोघांच्या मध्ये, फरशीवर बसले. रघुनाथनं न बघताच टोपली त्यांच्याकडे सरकवली.